फुल-फ्रेम कॅमेरा आणखी किती लहान होणार?

सोनीचा फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चिपचा) ए७सी मार्क २ कॅमेरा बॅटरी आणि कार्ड धरून ५१४ ग्रॅमचा आहे. त्याच कंपनीचा लहान सेन्सरवाला ए६७०० भरतो ४९३ ग्रॅम. सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त वाढलं, वजन मात्र २१ ग्रॅमनंच वाढलं, म्हणजे पाचाच्या तीन नाण्यांएवढं. मग कॅमेरा गळ्यात अडकवून ठाणे स्टेशनचे दोन पूल चढले की मान का दुखते? त्यात बॉडीचा वाटा थोडा आहे. मान दुखवते ती पुढे लावलेली काच.

छोट्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यांचं पुढे काय होणार, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या हिशेबातच आहे. बॉडी लहान करायचं काम जवळजवळ संपत आलंय. उरलेली लढाई लेन्स आणि शटरची आहे.

फुल-फ्रेम म्हणजे ३६×२४ मिमीचा सेन्सर, जुन्या ३५ मिमी रोलच्या एका चौकटीएवढा. एपीएस-सी, म्हणजे ए६७०० मधला लहान सेन्सर, साधारण २३.५×१५.६ मिमीचा. महागड्या फोनमधला ‘एक इंची’ म्हणून मिरवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२×८.८ मिमी, म्हणजे फुल-फ्रेमच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान. क्षेत्रफळ जास्त असलं की तेवढ्याच वेळात जास्त प्रकाश गोळा होतो. म्हणूनच संध्याकाळी तलावपाळीवर दिवे लागल्यानंतर काढलेल्या फोटोत अंधाऱ्या भागात रवाळपणा कमी दिसतो. किंमत जास्त असण्याचं कारणही हाच आकार. चिप छापणाऱ्या आधुनिक यंत्राची एका वेळची चौकट २६×३३ मिमीची असते आणि ३६ मिमी लांबी तिच्यात बसत नाही. तुकडे जोडून छापावं लागतं, आणि चिप मोठी म्हटल्यावर एखादा दोष येऊन ती वाया जाण्याची शक्यताही वाढते.

बॉडी कुठे येऊन अडली

२०१३ साली आलेला पहिला सोनी ए७ बॅटरीसह ४७४ ग्रॅमचा होता. त्याच घराण्यातला ए७ मार्क ४ आहे ६५८ ग्रॅमचा. मधल्या काळात सेन्सर हलवून थरथर मारणारी यंत्रणा (सेन्सर-स्टॅबिलायझेशन) आली, कार्डाचे खाचे दोन झाले, पकड जाड झाली आणि बॅटरी १०२० एमएएचवरून २२८० एमएएचवर गेली. यातली एकही गोष्ट उगाच आलेली नव्हती. ग्राहकांनीच मागितली होती.

मग लहान कॅमेऱ्यांची वेगळी रांग सुरू झाली. २०१९ मध्ये कॅननचा आरपी ४८५ ग्रॅमचा आणि सिग्माचा एफपी ४२२ ग्रॅमचा. २०२० मध्ये सोनीचा ए७सी, ५०९ ग्रॅम. २०२३ मध्ये कॅननचा आर८, ४६१. २०२४ मध्ये पॅनासॉनिकचा एस९, ४८६. २०२५ मध्ये सिग्माचा बीएफ, ४४६. २०१३ पासून सगळी धडपड ४२० ते ५२० ग्रॅमच्या पट्ट्यातच चालली आहे. हा योगायोग नाही. सेन्सरचा कर्ण ४३.३ मिमी, त्याच्याभोवती लेन्स जिथे बसते त्या माउंटचं धातूचं कडं (सोनीचं आतून ४६.१ मिमी, निकॉनचं ५५), मागे स्क्रीन, खाली बॅटरी आणि गरम होणारी चिप. एवढं सगळं बसवायला जागा लागतेच.

त्यामुळे यापुढे ५० ग्रॅम वाचवायचे तर काहीतरी काढूनच टाकावं लागतं. प्रत्येक कंपनीने काय काढलं ते बघा. आर८ मध्ये सेन्सर-स्टॅबिलायझेशन नाही, आणि बॅटरी १०४० एमएएचची छोटी. दिवसभराच्या लग्नाला अशा तीन तरी लागतील. एस९ मध्ये व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) नाही, यांत्रिक शटर नाही, आणि वरच्या खाचेत विजेचे टोक नसल्याने फ्लॅश चालत नाही. एफपीमध्ये व्ह्यूफाइंडर, यांत्रिक शटर आणि सेन्सर-स्टॅबिलायझेशन, तिन्ही नाहीत. बीएफने तर कार्डाचा खाचाच काढला, आत २३० जीबी साठवण दिली. ए७सी मार्क २ ने सगळ्यांत कमी सोडलं: कार्ड एकच, व्ह्यूफाइंडर साधारण दर्जाचा आणि शटर अर्धंच यांत्रिक. पाचशे ग्रॅमच्या आसपास सर्वांत शहाणा सौदा आम्हाला हाच वाटतो. लग्नाची कामं घेणाऱ्यांनी मात्र ‘कार्ड एकच’ हे शब्द दोनदा वाचावेत. ते एक कार्ड बिघडलं तर सप्तपदी पुन्हा होत नसते.

व्ह्यूफाइंडर नसणं किती नडतं, ते पाम बीच रोडवर मे महिन्यात दुपारी साडेबाराला कळतं. स्क्रीनवर स्वतःचा चेहराच दिसतो.

शटरची खरी गोष्ट

लहान कॅमेरा घेणारे इथे सर्वांत जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर.

पूर्ण यांत्रिक शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा बंद करतो. ए७सी मालिका आणि आर८ यांच्यात पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आहे, दुसरा यांत्रिक. त्यामुळे जागा, आवाज आणि धक्का कमी होतो. तोटा एफ १.८ किंवा त्याहून उघड्या लेन्सवर (एफ-आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं), शटर सेकंदाच्या १/२००० च्या पुढे नेलं की जाणवतो. इलेक्ट्रॉनिक पडदा सेन्सरच्या पृष्ठभागावरच काम करतो आणि यांत्रिक पडदा त्याच्या किंचित पुढे असतो. या अंतरामुळे पार्श्वभूमीतले प्रकाशाचे गोल एका बाजूने कापल्यासारखे येतात, कधी फोटोचा वरचा आणि खालचा भाग कमी-जास्त उजळ येतो. उपाय सोपा: भर उन्हात एफ १.८ वापरायचंच असेल तर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) लावा आणि शटर १/१००० हून संथ ठेवा.

एस९, एफपी आणि बीएफ यांच्यात पडदाच नाही. सेन्सरच्या ओळी वरून खाली एकेक करून वाचल्या जातात. समजा, सगळ्या ओळी वाचायला १/२० सेकंद, म्हणजे ५० मिलिसेकंद लागले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त उजळतात. ५० मिलिसेकंदांत असे ५ हेलकावे बसतात. तुम्ही शटर १/५०० ठेवलंत तर काही ओळी उजेडाच्या क्षणी टिपल्या जातात, काही मंद क्षणी. फोटोवर पाच काळपट पट्टे उमटतात. शटर १/१०० ठेवलं की प्रत्येक ओळीला बरोबर एक पूर्ण हेलकावा मिळतो आणि पट्टे जातात. १/५० ला दोन मिळतात, तेही चालतं. म्हणून घरात, दुकानात, लोकलच्या डब्यात असा कॅमेरा १/५० किंवा १/१०० वरच चालवायचा. नाट्यगृहातल्या मंद केलेल्या रंगीत एलईडींची लुकलुक वेगळ्याच गतीची असते, तिथे हे गणित लागू होत नाही. शटर थोडं थोडं बदलत पट्टे कमी होतात का ते पाहावं लागतं.

फ्लॅशचंही तसंच. फ्लॅश चमकतो त्या क्षणी सगळ्या ओळी एकाच वेळी उघड्या असाव्या लागतात. वाचन संथ असेल तर तसा क्षण फक्त लांब एक्सपोजरमध्येच मिळतो. एफपीवर फ्लॅशसाठी शटरची मर्यादा १/३० आहे, ए७सीवर १/१६०. हळदीच्या गोंधळात १/३० ला हात हलतात, माणसंही हलतात.

यावरचा इलाज तयार आहे, फक्त महाग आहे. २०२१ च्या निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटर मुळातच नाही. सेन्सरला मेमरीचा थर चिकटवून वाचन इतकं जलद केलं आहे की पडद्याची गरज पडत नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनी ए९ मार्क ३ त्याही पुढे गेला: सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपतात, पट्टे नाहीत, चालत्या गाडीतून काढलेल्या फोटोत तिरके खांब नाहीत, फ्लॅश कुठल्याही गतीला. २०२४ च्या निकॉन झेड६ मार्क ३ मध्ये मधला मार्ग आला, सेन्सरच्या कडेला जलद परिपथ लावलेला. ही मधल्या दर्जाची चिप पाचशे ग्रॅमच्या बॉडीत आली की शटर काढून टाकणं ही काटकसर न राहता खरी सुधारणा ठरेल. लहान फुल-फ्रेमचं भवितव्य ज्या एका भागावर सर्वांत जास्त अवलंबून आहे, तो हा. अडचण उष्णतेची: जलद वाचन म्हणजे जास्त वीज, आणि लहान बॉडीत ती उष्णता पसरायला जागा नाही. मे महिन्यात ठाण्यात बाहेर फोर-के व्हिडिओ घेताना आजचेही लहान कॅमेरे तापून बंद पडू शकतात. स्क्रीन बॉडीपासून दूर उघडून ठेवा, कॅमेऱ्यावर थेट ऊन पडू देऊ नका, आणि सोनी असेल तर मेन्यूतली तापमानामुळे बंद होण्याची मर्यादा ‘हाय’ करा. कारखान्यातून ती ‘स्टँडर्ड’वर येते. ‘हाय’वर बॉडी हाताला चांगलीच गरम लागते, तेव्हा ती ट्रायपॉडवर असलेली बरी.

काचेचा हिशेब

लेन्स किती मोठी असणार, हे एका भागाकारावरून बरंचसं कळतं. फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेल्या मिमीला) एफ-आकड्याने भागा, म्हणजे प्रकाश आत येणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिमी एफ २.५ चा व्यास २० मिमी. ५० मिमी एफ १.२ चा जवळजवळ ४२ मिमी. सोनीच्या या दोन लेन्सची वजनं अनुक्रमे १७४ आणि ७७८ ग्रॅम आहेत. प्रकाश ४.३ पट, वजन साडेचार पटींच्या जवळ. निसर्ग इथे घासाघीस करत नाही.

आता बॉडी बदलून काय वाचतं आणि लेन्स बदलून काय, ते ताडून पाहू. ए७ मार्क ४ ला ४० मिमी एफ २.५ (१७३ ग्रॅम) लावली तर ८३१ ग्रॅम. तीच लेन्स ए७सी मार्क २ वर लावली तर ६८७. बॉडी बदलून १४४ ग्रॅम वाचले, त्यासाठी एक नवा कॅमेरा घ्यावा लागला. पण ए७सी मार्क २ वर २४-७० मिमी एफ २.८ ची दुसरी पिढी (६९५ ग्रॅम) चढवली की एकूण १२०९ ग्रॅम. फरक ५२२ ग्रॅमचा. मोठ्या लेन्समागे छोटी बॉडी लावली की पकडही बिघडते: वजन पुढे झुकतं, करंगळी हवेत राहते आणि तासाभरात मनगट दुखायला लागतं.

‘मग एफ २.५ किंवा २.८ ची मंद, म्हणजे कमी प्रकाश घेणारी लेन्सच लावायची असेल तर फुल-फ्रेम घ्यायचाच कशाला?’ हा आक्षेप हमखास येतो. याचं उत्तर दीडने भागून मिळतं. फुल-फ्रेमवरच्या ५० मिमी एफ २.५ ने जो कोन, जी पार्श्वभूमीची धूसरता आणि जो एकूण प्रकाश मिळतो, तो एपीएस-सीवर मिळवायला सुमारे ३३ मिमी एफ १.७ लागते. सोनीची एपीएस-सीसाठीची ३५ मिमी एफ १.८ साधारण १५५ ग्रॅमची आहे. फरक पुन्हा विसेक ग्रॅमचाच. म्हणजे मोठ्या सेन्सरवरची मंद लेन्स आणि लहान सेन्सरवरची जलद लेन्स ही जवळपास एकच वस्तू आहे. जास्तीचे पैसे तुम्ही मोजता ते पुढे कधीतरी जलद लेन्स लावायची मुभा मिळावी म्हणून. ती मुभा कधी वापरणारच नसाल, तर एपीएस-सी घेऊन उरलेल्या पैशांत चार सहली करा.

आज खरोखर लहान लेन्स कोणत्या? कॅननची २८ मिमी एफ २.८ अवघ्या १२० ग्रॅमची, लांबी २४.७ मिमी. निकॉनची २६ मिमी एफ २.८ आहे १२५ ग्रॅमची. सोनीच्या २४, ४० आणि ५० मिमीच्या तिघी बहिणी १६२ ते १७४ ग्रॅमच्या. झूममध्ये सोनीची २८-६० आहे १६७ ग्रॅम, निकॉनची २४-५० आहे १९५, पॅनासॉनिकची १८-४० आहे १५५. विल्ट्रॉक्स या चिनी कंपनीने २८ मिमी एफ ४.५ ची ६० ग्रॅमची, बिस्किटाएवढी लेन्स काढली, तीही ऑटोफोकससह. छिद्र मात्र एफ ४.५ वरच कायमचं अडकलेलं.

या लहानपणाची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पहिली: झूम आत दुमडलेल्या असतात. फोटो काढायच्या आधी कडं फिरवून उघडावी लागते, नाहीतर स्क्रीनवर सूचना येते आणि तोवर पोर खेळून निघून गेलेलं असतं. दुसरी: काचेने करायचं काम सॉफ्टवेअर करतं. कॅननच्या १६ मिमी एफ २.८ (१६५ ग्रॅम) मधून येणारी मूळ प्रतिमा सेन्सरचे कोपरे पूर्ण भरतही नाही. रॉ फाइल (सेन्सरची मूळ नोंद) लेन्सच्या दुरुस्तीचं प्रोफाइल न लावता उघडली तर चारी कोपरे काळे दिसतात. कॅमेरा ती प्रतिमा ताणून सरळ करतो, आणि ताणलेल्या कोपऱ्यांत बारकावा कमी होतो, रवाळपणा वाढतो. रस्त्यावरचे फोटो, घरचे कार्यक्रम यात हे कुणाला दिसत नाही. इमारतींचे फोटो काढणाऱ्याला मात्र दिसतं, आणि नवी मुंबईत ते काम बरंच आहे.

जुन्या रोलच्या कॅमेऱ्याच्या लेन्स एवढ्याशा असायच्या, मग आता का नाहीत? फिल्मवर प्रकाश तिरका पडला तरी चालायचं. सेन्सरसमोर काचेचा थर असतो आणि प्रत्येक पिक्सेलवर सूक्ष्म भिंग. फार तिरका किरण आला की कोपरे पुसट होतात, कधी त्यांवर रंगाची छटा येते. म्हणून रुंद कोनाच्या लेन्सना किरण सरळ करून सोडावे लागतात, आणि त्यासाठी जास्त काचा लागतात. शिवाय तेव्हा ऑटोफोकसची मोटर नव्हती.

जलद लेन्सही हलक्या होताहेत, हे मात्र खरं. सोनीची ७०-२०० एफ २.८ पहिल्या पिढीत १४८० ग्रॅमची होती, २०२१ च्या दुसऱ्या पिढीत १०४५ वर आली. साच्यातून काढलेल्या अ‍ॅस्फेरिकल (गोलाकार वळण नसलेल्या) काचा आणि फोकससाठी हलके काचगट, ही त्यामागची कारणं. पण छिद्राचा व्यास तोच राहतो, त्यामुळे ही घट पुढच्या पिढीत पुन्हा तेवढीच होईल अशी आशा धरू नये.

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो टिपणाऱ्यांना या सगळ्याचा उपयोग जवळजवळ शून्य. लेन्स आणि सेन्सरमधला जुना आरसा गेल्याने रुंद कोनाच्या लेन्स लहान झाल्या, दूरचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो नाहीत. सोनीची २००-६०० मिमी २११५ ग्रॅमची आहे, तिच्यामागे बॉडी ५०० ची असो की ७०० ची. इथे फक्त कॅननने वेगळी वाट काढली: १००-४०० मिमी, टोकाला एफ ८, वजन ६३५ ग्रॅम. सकाळच्या उन्हात बोटीतून ती छान चालते. ढगाळ संध्याकाळी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) झपाट्याने चढतो, आणि त्याबरोबर रवाळपणा.

कुठल्या माउंटला किती लहान लेन्स मिळतील, हे कंपनीच्या धोरणावरही ठरतं. सोनीने आपल्या माउंटची मूलभूत माहिती २०११ पासून इतर निर्मात्यांना खुली केली, म्हणून तिथे सिग्मा, टॅमरॉन, सॅमयांग, विल्ट्रॉक्स अशी गर्दी आहे. एल-माउंट २०१८ पासून लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांचा सामायिक आहे. कॅननने २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला दार उघडलं ते एपीएस-सी लेन्सपुरतं. छोटी बॉडी निवडताना आधी त्या माउंटवरच्या दोनशे ग्रॅमखालच्या लेन्स मोजा, बॉडी नंतर.

पावसाळा, बुरशी आणि दुकानातली पाच मिनिटं

ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा लेन्सचा शत्रू असतो. लांब-आखूड होणारी झूम प्रत्येक वेळी थोडी हवा आत ओढते, आणि ओलावाही. स्वस्त छोट्या लेन्सच्या माउंटला बहुतेकदा रबरी कडं नसतं. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्याभोवती काळी पातळ रबरी पट्टी दिसते का ते पाहा. सोनीच्या त्या २४, ४० आणि ५० मिमीच्या तीन लेन्स धूळ-ओलाव्यापासून बचाव केलेल्या आहेत, कॅननच्या १६ आणि २८ नाहीत.

घरी झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल आणि पंधरावीस मिमी जाडीचा छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, तेल आणि रबर सुकतं. जेलचा रंग बदलला की ती मंद आचेवर तव्यात गरम करून पुन्हा वापरता येते. चामड्याच्या केसमध्ये लेन्स ठेवणं म्हणजे बुरशीला घर भाड्याने देणं. एसी गाडीतून किंवा मॉलमधून बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवा आणि २०-३० मिनिटं तसाच राहू द्या. थेंब मग पिशवीवर जमतात, काचेवर नाही.

विकत घेताना स्वतःचं कार्ड घेऊन जा. दुकानातले दिवे बहुधा एलईडीच असतात, त्याचा फायदा घ्या. शटर इलेक्ट्रॉनिकवर करून १/५०० ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पट्टे किती दाट येतात ते पाहा. मग १/१०० ला तोच फोटो. त्यानंतर झूम पूर्ण उघडून नळी अंगठ्याने हलकेच हलवा. किंचित हलणं साहजिक, पण खडखड ऐकू आली किंवा फोटोत एकच बाजू पुसट आली तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. जुनी लेन्स घेत असाल तर दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे म्हणजे बुरशी, आणि ती किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.